बाळ झोपलंय आणि कुकर लावायचाय: आतल्या झाकणाचा ५ लिटरचा कुकर

घरात सहा महिन्यांच्या पुढचं बाळ असेल तर संध्याकाळी ओट्यावर तीन वेगळी जेवणं शिजतात: मोठ्यांचा भात, वरण आणि बाळाचा मऊभात. ही तिन्ही एकाच वेळी उरकणारी वस्तू म्हणून आतल्या झाकणाचा ५ लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर घ्यावा असं आमचं मत. हॉकिन्सच्या कुकरचं झाकण असतं तसं, तिरकं करून आत सरकवायचं. वाफ कोंडली की ती झाकणाला आतून वर दाबून धरते, त्यामुळे दाब उतरेपर्यंत झाकण निघतच नाही. एक हात बाळाला धरण्यात अडकलेला असताना घाईत झाकण उघडलं जाण्याची भीती राहत नाही, हा याचा पहिला गुण.

दुसरा मुद्दा शिट्टीचा. बाळ झोपलं की कुकर लावायचा आणि तिसऱ्या शिट्टीला बाळ उठायचं, ही तक्रार घरोघरची. त्यात कुकरचा दोष थोडा, शिट्ट्या मोजण्याच्या सवयीचा जास्त. अन्न शिजतं ते कोंडलेल्या वाफेच्या साधारण १२० अंश उष्णतेत किती वेळ राहिलं यावर. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं, बाकी काही नाही. मोठ्या शेगडीवर पाच शिट्ट्या पाच-सहा मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्यालाच वीस मिनिटं लागतात, मग ‘पाच शिट्ट्या’ या मापाला अर्थ काय उरला? पहिल्या शिट्टीला गॅस एकदम बारीक करायचा आणि घड्याळ लावायचं. उकडा तांदूळ असेल तर १५ मिनिटं, कोलमसारखा साधा तांदूळ असेल तर १०. मधे एखादी शिट्टी होईल किंवा नुसती फुसफुस चालेल. ती पहिली शिट्टीही नको असेल तर जोरात फुसफुस सुरू होताच आच कमी करा आणि तीन मिनिटं जास्त द्या.

आता डबे. ५ लिटरच्या कुकरात दोन मोठे डबे आणि वर एक छोटी स्टीलची डबी बसते. खाली तूर डाळ: पाऊण वाटी, अर्धा तास भिजवलेली, वर दोन वाट्या पाणी. (वाटी इथे १५० मिलीची.) मधल्या डब्यात १ वाटी उकडा तांदूळ, तोही अर्धा तास भिजवलेला, पाणी अडीच वाट्या, न भिजवता लावला तर तीन. दोघा-तिघांना हे पुरतं. डबा दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, डाळीचा फेस वर चढतो आणि थेट शिट्टीच्या नळीत जातो. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी हवंच. त्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटूक टाकलं की आतून कुकर काळा पडत नाही.

वरच्या डबीत बाळाचं. सात-आठ महिन्यांच्या बाळाला एका वेळेला १ टेबलस्पून तांदूळ, अर्धा टेबलस्पून मूगडाळ, लाल भोपळ्याची एक छोटी फोड आणि १२० मिली पाणी. शिजून साधारण अर्धा कप होतो, म्हणजे सव्वाशे मिली, आणि या वयाला एका जेवणाचं तेच वरचं माप आहे. सुरुवातीचे दिवस दोन-तीन चमचेच संपतात, त्याने धीर सोडायचा नाही. मीठ-साखर वर्षापर्यंत नाही. मधही वर्षापर्यंत बिलकूल नाही, चाटवायलासुद्धा. वर अर्धा चमचा साजूक तूप. बाळाच्या डबीला १५ मिनिटं जास्त होतील ही चिंता नको, मऊभात जितका मऊ होईल तितका बरा.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात: डबी उघडी ठेवतात. झाकणाला लागलेली वाफ थेंब थेंब वरच्या भांड्यात गळते आणि मऊभाताचं पाणी होतं. झाकण हवंच, पण सैल. फिरकीचं किंवा क्लिपचं घट्ट झाकण लावलंत तर गार होताना ते आत ओढलं जातं आणि निघता निघत नाही. डबी आणि कुकरचं झाकण यांच्यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर शिट्टीची नळी झाकली जाते. आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड पोटापेक्षा अरुंद असतं, म्हणून घरातले डबे दुकानात घेऊन जा आणि आत घालून बघा. चिपळूण, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारातला कुठलाही भांडीवाला हे करू देतो. प्रेस्टीजसारख्या बाहेरच्या झाकणाच्या कुकरात ही अडचण नाही, तोंड सरळ असतं, धुवायलाही तो सोपा. आतल्या झाकणाच्या काठाखाली बोटं नीट पोचत नाहीत, डाळ तिथेच सुकते.

शिजल्यावर दहा मिनिटं आपोआप निवू द्या. शिट्टी चिमट्याने वर उचलून वाफ काढायची नाही: डाळ असेल तर पिवळा फवारा उडतो, आणि कडेवर बाळ असेल तर तो कुठे बसेल हे सांगायला नको. बाळ रांगायला लागलं की कुकर मागच्या शेगडीवर, दांडा भिंतीकडे.

मग विजेचा कुकर का नको? शिट्टी नाही, वेळ लावून विसरता येतं, पुण्या-मुंबईत त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण तो हजार वॉटच्या आसपास वीज खातो आणि घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. कोकणात पावसाळ्यात फांदी पडली की संध्याकाळच जाते, आणि २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मंडणगड-दापोली पट्ट्यातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. इंडक्शनलाही हेच लागू, तरी तळ इंडक्शनवर चालणारा घेतलात तर दोन्ही सोयी राहतात. चुलीवर लावायचा असेल तर वाफ धरली की लाकडं मागे ओढून निखाऱ्यावर ठेवा, ज्वाळा बाजूने वर आल्या की दांड्याचं बेकेलाइट करपतं.

खाऱ्या हवेचं वेगळंच प्रकरण आहे. किनाऱ्यालगतच्या घरात ॲल्युमिनियमवर पांढरे ठिपके उठतात, मग तिथे बारीक खड्डे पडतात. मीठ घातलेलं वरण किंवा आमसुलाचं सार कुकरात रात्रभर राहिलं तर हे लवकर होतं. धुऊन, पुसून, झाकण न लावता पालथा ठेवा. दांड्याचे स्क्रू गंजतात, महिन्यातून एकदा आवळून बघा. गॅस्केट (झाकणाची रबरी कडी) सैल होऊन कडेने वाफ जायला लागली तर दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवल्यावर तात्पुरती धरते, पण ती बदलायची वेळ आली आहे असंच समजा. गॅस्केट दोन घ्याच. कोंबडी-मटणाचा वास रबरात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी बाळाच्या भाताला येतो. एक सामिषाची, एक बाळाची. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र मूळ कंपनीचाच, बाजारातला ‘चालतो’ म्हणून दिलेला नको. रोज लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय ना, एवढं बघायला पाच सेकंद लागतात. घेताना आयएसआय खूण आणि आयएस २३४७ हा प्रेशर कुकरच्या भारतीय मानकाचा आकडा तळाशी पाहा.

याला जमत नाही ते असं. उकड्या तांदळाची पेज यात मिळत नाही: डब्यात सगळं पाणी भातच पितो, भात वेळून काढायचा तर टोपच हवा. नाचणीचं सत्त्व ढवळत राहावं लागतं, ते कढईतच. मासा या डब्यांत नको, १५ मिनिटांत चोथा होतो. आणि आठ-दहा माणसांच्या घराला ५ लिटर अपुरा, तिथे साडेसात-आठ लिटरचा बघा.

उरलेला मऊभात सकाळसाठी झाकून ठेवायचा नाही. इथल्या दमट हवेत दोन तासांच्या आत संपवा, नाहीतर टाका. नवव्या महिन्यापासून तो चमच्याने जाडसर ठेचून द्यायचा, मिक्सरला लावायचा नाही. वर्ष झालं की बाळाला घरचाच भात आणि फोडणीआधी काढून ठेवलेलं वरण चालतं, मग वरच्या डबीत सुरणाच्या फोडी उकडायला जागा होते.