पेटीतला पॉप आर्ट: घरी करायच्या एका छपाई-संचाचे परीक्षण

दिवाळीच्या सुट्टीत सातवीतल्या पुतणीच्या हाताला काही काम हवे होते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात 'विद्यार्थ्यांसाठी पॉप आर्ट' (म्हणजे रोजच्या वस्तू, जाहिराती, कॉमिक यांवरून केलेली भडक रंगांची चित्रकला) असे लिहिलेली पेटी १,१५० रुपयांना दिसली, म्हणून घेतली. पेटीत नायलॉनची जाळी ताणलेली आठ बाय दहा इंचांची लाकडी चौकट, रंग ओढायची रबरी पात्याची स्क्वीजी, पिवळा, तांबडा, निळा व काळा अशा रंगांच्या प्रत्येकी ५० मिलीच्या चार बाटल्या, ठिपक्यांचा प्लास्टिकचा साचा, वीस कार्डशीट, कागद कापायची ब्लेड आणि एक माहितीपुस्तिका एवढा ऐवज आहे. दोन आठवडे हा सगळा पसारा आमच्या सोप्यात मांडलेला होता.

यातली खरी किमतीची वस्तू म्हणजे चौकट. जोड घट्ट आहेत, जाळी ढोलासारखी ताणलेली आहे आणि तीसेक वेळा धुऊनही ती सैल पडलेली नाही. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि तालमी-मंडळांचे टी-शर्ट ज्या स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून, छापले जातात, तेच तंत्र अमेरिकन पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२मध्ये आपल्या चित्रांत आणले, ही गोष्ट मुलांना हाताने करून कळते, हे या संचाचे मोठे यश आहे. पुस्तिकेत मात्र वॉरहॉलच्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रे स्क्रीनने छापलेली असल्याचे ठोकून दिले आहे. ती चित्रे त्याने त्याच वर्षी, पण हाताने रंगवली होती. अभिनेत्री मेरिलिन मन्रोचे चेहरे छापायला जाळी आली ती त्यानंतर. मुलांसाठीच्या पुस्तिकेत अशी चूक राहायला नको होती.

पुस्तिकेतली कृतीही थोडी फसवी आहे. आकार कार्डशीटमध्ये कापून तो जाळीखाली ठेवा, असे त्यात म्हटले आहे. पण कार्डशीट जाड असल्यामुळे जाळी आणि कागद यांच्यात फट राहते आणि रंग कडेने पसरतो. आम्ही बटर पेपर वापरला, तेव्हा पहिल्याच ओढीला तो रंगाने जाळीला चिकटला आणि कडा सुरीसारख्या आल्या. दुसरी अडचण वाळण्याची आहे. 'काम संपल्यावर जाळी धुवावी' असे एक वाक्य आहे, पण दुपारच्या कोरड्या हवेत चौथ्या छापालाच रंग जाळीत बसला आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास घासावे लागले. रंगात ग्लिसरिनचे दोन-चार थेंब मिसळल्यावर पुढचे सात-आठ छाप बिनघोर निघाले.

नमुन्याची चित्रे सूपचा डबा, बर्गर आणि शीतपेयाची बाटली अशी आहेत. वॉरहॉलने सूपचा डबा निवडला तो अमेरिकेतल्या घराघरांत रोजचा होता म्हणून; आमच्या फडताळात तो नाही. पुतणीने थोडा वेळ नाक मुरडले आणि मग कांदा-लसूण चटणीची बरणी ओट्यावर आणून ठेवली. आधी पिवळी पार्श्वभूमी, मग चटणीचा तांबडा, शेवटी काळी रेघ, असे एकाच बरणीचे बारा छाप तिने काढले. एका छापात काळी रेघ दोन सूत उजवीकडे सरकली आणि तांबडा रंग बरणीबाहेर डोकावू लागला. तो कागद ती फाडायला निघाली होती. मी वॉरहॉलची मेरिलिन दाखवली, तिच्याही ओठांचा रंग जागेवर नाही. आता भिंतीवर तोच छाप मध्यभागी आहे. बाबुराव पेंटर रंगपडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले ते याच गावात. तेव्हा इथल्या मुलांना पोस्टरचा भडक रंग समजावून सांगावा लागत नाही.

ठिपक्यांचा साचा निकामी आहे. छिद्रे इतकी जवळ की रंग खालून एकमेकांत मिसळतो आणि ठिपक्यांचा लगदा होतो. पांढऱ्यावर तांबडे ठिपके सुटे पडले तरच लांबून गुलाबी त्वचेचा भास होतो, आणि स्वस्त छपाईतली हीच युक्ती दुसरा पॉप चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन याने मोठ्या कॅनव्हासवर आणली. १९६१च्या एका चित्रात त्याने ठिपके उठवायला कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश रंगात बुडवला होता. आम्ही घरातला, टोकाला बोंडे असलेला जुना केसांचा ब्रश घेतला आणि साच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ ठिपके मिळाले.

कॉमिकसारखे शब्द छापायच्या प्रकल्पात सगळे शब्द इंग्रजी आहेत. पुतणीला 'ठो!' छापायचे होते. साध्या स्टेन्सिलमध्ये 'ठ'च्या पोटातला गोल सुटून पडतो, म्हणून त्याला बारीक पट्टीने बांधून ठेवावे लागते, आणि पुस्तिकाही तसेच सुचवते. पण जाळी असताना त्याची गरज नाही: तो सुटा गोल जागेवर ठेवून स्क्वीजी ओढली की रंगच त्याला जाळीला चिकटवतो. देवनागरी छापणाऱ्या मुलाला संचातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे आणि पुस्तिकेत तिचा उल्लेखही नाही.

निळ्या रंगाची बाटली मुळातच वाळलेली निघाली. सील फोडलेली पेटी बदलून मिळणार नाही, असे दुकानदाराने सांगितले आणि पेटीवरचा मदतीचा नंबर चार दिवस नुसता वाजत राहिला. शेवटी महाद्वार रोडवरून कापडावर छापायचा निळा रंग वेगळा आणला. पेटीत हातमोजे नाहीत, कागद कापायची ब्लेड मात्र आहे, त्यामुळे मूल दहा वर्षांखालचे असेल तर कापायचे काम मोठ्यांनीच करावे.

रंग आणि साचा यांच्या भरवशावर १,१५० रुपये फार आहेत. चौकटीसाठी म्हणून घेणार असाल, तर पैसे वसूल होतात. पुतणीने सध्या पायताण छापायला घेतले आहे. त्याच्या वेणीचे सुटे तुकडे तेवीस झाले आहेत आणि पंखा बंद करून ते एकेक चिमट्याने जाळीखाली मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे.