चावीची पिशवी, स्टिअरिंगचा दांडा की ओबीडीची पेटी: पैसे कशावर घालावेत?

बटण दाबून सुरू होणारी गाडी घेतली की ॲक्सेसरीवाला तीन वस्तू पुढे करतो: चावी ठेवायची सिग्नल-बंद पिशवी, स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा आणि जीपीएस. तिन्ही कामाच्या आहेत, पण तिघांचं काम वेगळं आहे. सगळ्यात जास्त गरजेची चौथी वस्तू मात्र बहुतेक काउंटरवर मागितल्याशिवाय निघत नाही.

आधी पिशवी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत गाडी गल्लीत भिंतीला लागून उभी असते आणि चावी दाराजवळच्या खुंटीला. रिले करणाऱ्या, म्हणजे चावीचा सिग्नल यंत्राने गाडीपर्यंत पोहोचवणाऱ्या चोराला याहून सोयीचं काही नाही. गाडी 125 किलोहर्ट्झच्या आसपास चावीला हाक मारते, चावी 433 मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. एरवी ही हाक मीटर-दीड मीटरच पोहोचते. एक चोर दाराशी, दुसरा गाडीशी उभा राहून यंत्रांनी हे अंतर जोडतात. गाडीला वाटतं मालक शेजारीच आहे. इंजिन एकदा सुरू झालं की चावी लांब गेली तरी बंद पडत नाही, फक्त डॅशबोर्डवर इशारा येतो. चालत्या गाडीचं इंजिन मध्येच थांबू नये म्हणून कंपनीनेच तशी सोय ठेवलेली असते.

काही शे रुपयांची पिशवी हा मार्ग बंद करते, पण कापड चांगलं असेल तरच. पातळ धातूच्या कापडातून कमी फ्रिक्वेन्सीची हाक आत जाऊ शकते. अडवायचं असतं ते चावीचं उत्तर. मोबाइलची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, म्हणून पिशवीत मोबाइल ठेवून ‘रेंज गेली’ असं दाखवणाऱ्या दुकानदारावर विसंबू नका. गाडी लॉक करा, पिशवी नीट बंद करा, ती दाराच्या हँडलला टेकवून हँडलचं बटण दाबा. चारही बाजूंनी फिरवून दहा वेळा करा. एकदा जरी गाडी उघडली तरी पिशवी परत द्या. बऱ्याच पिशव्यांना दोन कप्पे असतात आणि बाहेरच्याला अस्तरच नसतं. चावी नेमकी तिथेच जाते. घडीवर अस्तर फाटतं, म्हणून ही चाचणी दर महिन्याला करा. दुसरी चावीही पिशवीतच हवी, कपाटात मोकळी नको. पोह्यांचा स्टीलचा डबा चालतो का? झाकण घट्ट असेल तर कधी कधी चालतो, चाचणी तीच.

टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट-चाव्यांना पिशवीचीही गरज नाही. लॉकचं बटण दाबून धरा आणि अनलॉक दोनदा दाबा. दिवा चार वेळा लुकलुकला की चावी झोपते. कुठलंही बटण दाबलं की जागी होते.

आता चौथी वस्तू. पिशवी फक्त रिले अडवते. काच फोडून आत शिरलेला चोर स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या ओबीडी सॉकेटला (वर्कशॉपवाले गाडी तपासायला स्कॅनर लावतात ते)  की-प्रोग्रामर लावून कोरी चावी गाडीला ‘शिकवतो’. तुमची चावी कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे अशी यंत्रं सापडली आहेत. उपाय म्हणजे सॉकेटवर बसणारं कुलूप. तयार प्लास्टिकचं घेऊ नका, पकडीने निघतं. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये 2 मिलिमीटर पत्र्याची पेटी करून घेता येते. बोल्ट डोकं तुटणारे घ्या, म्हणजे पाना लागायला काही उरत नाही. मात्र सर्व्हिसिंगसाठी कुलपाची झडप ठेवा आणि वर्कशॉपला आधी सांगा. एक चूक महागात पडते: सॉकेटच्या 16 नंबरच्या पिनेवर गाडी बंद असतानाही बॅटरीचा प्लस असतो. पत्रा तिला लागला तर फ्यूज गेलाच. आतून रबराचं अस्तर घाला आणि पेटी बसवताना बॅटरीचा मायनस काढा.

दांड्याबद्दल थोडक्यात: घ्या. स्टिअरिंगची रिंग करवतीने कापून दांडा काढता येतो हे खरं, पण तेवढा वेळ आणि आवाज चोराला नको असतो. काचेतून दिसेल असा भडक रंगाचा घ्या. स्टिअरिंग आणि क्लच एकत्र बांधणारा प्रकार जास्त चांगला. फॅन्सी नंबरसाठी लाख मोजणारे दांड्याच्या शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात, ते वेगळं!

जीपीएस चोरी थांबवत नाही, फक्त शोधायला मदत करतो. कागलपुढे कर्नाटक लागतं, महामार्गावर निपाणी तासाभराच्याही आत. म्हणून रात्री गाडी हलल्याचा अलार्म मोबाइलवर जोरात वाजेल अशी सेटिंग नसेल तर पैसे वाया. जीपीएससोबत इंजिन बंद करणारा रिले (विजेचा स्विच; वरच्या ‘रिले’ चोरीशी संबंध नाही) बसवून घेऊ नका. त्याचं कनेक्शन सैल झालं तर गगनबावड्याच्या घाटात इंजिन बंद पडतं, मग पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकही जड होतो. शिवाय वायर कापली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर वाद सुरू.

जुनी गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर नोंदलेल्या चाव्यांची संख्या विचारा. हातात दोन आणि नोंद तीन असेल तर सगळ्या पुसून आपल्या दोनच पुन्हा नोंदवून घ्या. पार्किंगवाल्याला किंवा वॉशिंग सेंटरला चावी देऊन तासभर निघून जाणं टाळा.

एआरएआय (वाहनांची चाचणी करणारी पुण्याची संस्था)-मान्य चोरीविरोधी यंत्र बसवलं तर विम्यात गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सवलत मिळते, पण जास्तीत जास्त 500 रुपये. बिल आणि प्रमाणपत्र मागून घ्या. पिशवीला ही सवलत नाही.

गाडी गेलीच तर आधी 112, मग जवळचं पोलीस ठाणं; गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली नोंदतो. त्याच दिवशी विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवा, कर्ज असेल तर बँकेलाही. गाडी सापडली नाही तर पोलिसांची ‘अ’ समरी (गुन्हा खरा, पण छडा लागला नाही असा अहवाल) लागते. विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ चाव्या मागतात. एक हरवली असेल तर तिची तक्रार चोरी व्हायच्या आधीच नोंदवलेली हवी. नंतर सांगितलेलं कुणी मानत नाही.