चमच्याने भरवायचं की बाळाला स्वतः खाऊ द्यायचं?

दोन्हींची सुरुवात एकाच वेळी होते: सहा महिने पूर्ण झाल्यावर, आईचं दूध चालू ठेवून. मात्र चमच्याने भरवायला बाळाने मान नीट धरली आणि आधाराने बसलं तरी भागतं. स्वतः खायचं तर त्याला जवळपास विनाआधार बसता यायला हवं, वस्तू उचलून तोंडापर्यंत नेता यायला हवी. काही बाळांना त्यासाठी आठवा महिना उजाडतो. तोवर ताटकळू नका, चमचा घ्या, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा याच सुमारास ओसरू लागतो.

आजीची मोठी भीती घशात अडकण्याची. न्यूझीलंडमध्ये २०६ कुटुंबांवर झालेल्या ‘ब्लिस’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली आले. ६ ते ८ महिन्यांच्या काळात ३५ टक्के बाळांना निदान एकदा तरी घास अडकला होता, पण स्वतः खाणारी आणि भरवलेली बाळं यांत लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थात स्वतः खाणाऱ्या गटातल्या पालकांना काय देऊ नये हे आधी शिकवलेलं होतं. आपल्याकडे ती यादी अशी: शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, सफरचंदाच्या कडक फोडी, लाह्या. तोंड लाल होऊन उबळ येते, खोकल्याचा आवाज येतो, ती बहुतेकदा आपोआप निवळते. घाईने तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला तर मात्र पाठीवर थाप देण्याचं प्रथमोपचार तंत्र यायला हवं, आणि ते चमचेवाल्यांनाही यायला हवं.

पोट भरण्याच्या बाबतीत चमचा पुढे. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. स्वतः खाताना सुरुवातीला निम्मं अन्न जमिनीवर, थोडं केसांत. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, जन्मतः वजन कमी असेल किंवा वाढ मंदावली असेल, तर मी निव्वळ हाताने खाण्याच्या वाटेला जाणार नाही.

चवीढवीत मात्र हाताने खाणारं बाळ जिंकतं, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते सोपंही आहे. आमटीत मीठ-तिखट पडायच्या आधी वाटीभर वरण बाजूला काढायचं, भातात घट्ट कालवून तूप घालून छोटे मुटके करायचे. लाल भोपळा, रताळं, दुधी उकडून मोठ्यांच्या बोटाएवढ्या लांब फोडी. मुगाच्या मऊ धिरड्याच्या किंवा घावनाच्या पट्ट्या, नीट शिजलेली अंड्याची पोळी. आपली पोळी या वयाला वातड, ती वरणात भिजवूनच. वर्षाच्या आत मीठ-साखर टाळा. मध तर चाटवायलासुद्धा नको, त्यातून बॉट्युलिझम हा जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणजे ‘घरचंच जेवण’ म्हणून मोठ्यांच्या ताटातलं जसंच्या तसं पुढे सरकवता येत नाही.

वेळेचा हिशेब सरळ आहे. हाताने खायला वेळ आणि पुसापुशी जास्त, आणि सगळा वेळ समोर कुणीतरी हवं. पाळणाघरात हे क्वचितच जमतं.

चमच्याची खरी अडचण भरवणाऱ्यात असते. बाळ मान फिरवतं, तरी ‘एवढा एकच घास’ चालू राहतो, समोर मोबाइल लागतो, आणि मिक्सरमधली पेस्ट वर्षापर्यंत सुटत नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात ज्या बाळांना गुठळीचं (पेस्ट न केलेलं) अन्न पहिल्यांदा १० महिन्यांनंतरच मिळालं, ती १५ महिन्यांची झाल्यावर खाण्यात जास्त त्रास देत होती. चमचाच धरायचा तर आठव्या महिन्यापासून खिमट नुसतं कुस्करलेलं द्या.

माझं मत विचाराल तर: आजी-आजोबा सांभाळत असतील तर दुपारचं चमच्यानेच होऊ द्या, वाद नको. संध्याकाळी सगळे जेवायला बसतात तेव्हा बाळाला पुढ्यात ताटली द्या, त्यात काहीतरी लोहाचं असू द्या: अंडं, डाळ, खाणाऱ्यांच्या घरी खिम्याचे मऊ मुटके. वजन अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या वेळी करून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या. कार्डावरची वाढीची रेषा सपाट होऊ लागली तर चमच्याच्या वेळा वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.