डीसीएफएच-डीए: एक पावसाळा काढलेली बाटली

डीसीएफएच-डीए म्हणजे पेशीत ऑक्सिडेशन झालं की हिरवं चमकणारं रसायन, आमच्या भाषेत प्रोब. वापर मे ते ऑक्टोबर, रत्नागिरी. पेशी कालवांच्या रक्तद्रवातल्या. उत्तेजन ४९० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाने, हिरव्या चमकेचं वाचन ५२५ ला, हे वापरणाऱ्यांना ठाऊक आहेच. लिहायचंय ते दमटपणाबद्दल.

जुलैत प्लेटच्या पेशीच न घातलेल्या खणांतही हिरवं चमकायला लागलं. विक्रेत्याचं एकच पालुपद: ‘तुमचं स्टोरेज बघा.’ तेव्हा पाचात दोन तारे दिले होते. चीड आली, पण उत्तर निम्मं खरं निघालं. उणे २० मधून काढलेल्या बाटलीचं बूच लगेच उघडलं की कोकणातल्या हवेत बघता बघता दव धरतं, बाहेरून तसंच आतून. पाण्याने रेणूवरचे अॅसिटेट तुटतात, उरलेलं डीसीएफएच हवेनेच ऑक्सिडाइज होतं आणि रंगहीन स्टॉकला (डीएमएसओ या द्रावकात केलेल्या दाट द्रावणाला) पिवळट-हिरवी झाक येते. झाक दिसली की टाकून द्यायचं. जीव तुटतो, तरी. डीएमएसओही हवेतलं पाणी ओढतो, म्हणून तोही लहान सीलबंद बाटलीतला घ्या.

आता बसलेली पद्धत अशी: बंद बाटली तासभर सिलिका जेलच्या डब्यात, मगच बूच. जेल गुलाबी पडलं असेल तर आधी ओव्हनमध्ये तापवून निळं करून घ्या. ४.८७ मिलिग्रॅम एक मिली डीएमएसओत, म्हणजे १० मिलिमोलर तीव्रतेचा स्टॉक. २०-२० मायक्रोलिटरच्या ट्यूब, वर फॉइल. एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवायची नाही.

कालवांना ३७ अंश नको, खोलीचं तापमान पुरे. रक्तद्रव शिंपले मिटणाऱ्या स्नायूतून सुईने काढून लगेच बर्फावर, नाहीतर पेशींच्या गुठळ्या. ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात १ मिलीला १ मायक्रोलिटर स्टॉक, अंधारात अर्धा तास, मग एकदा धुणं. सूक्ष्मदर्शकाचा फोकस साध्या उजेडात करा. निळा दिवा स्वतःच प्रोब ऑक्सिडाइज करतो, दुसरा फोटो पहिल्यापेक्षा उजळ येतो आणि माणूस उगाच खूश होतो.

‘हायड्रोजन पेरॉक्साइड मोजलं’ असं मात्र लिहू नका. १९६५ साली केस्टन आणि ब्रँड यांनी ते मोजलं तेव्हा नळीत पेरॉक्सिडेज, म्हणजे पेरॉक्साइडकडून प्रोब ऑक्सिडाइज करवणारं एन्झाइम, घातलं होतं. पेशीत ते काम लोह, पेरॉक्सिडेज, सायटोक्रोम सी करतात, त्यामुळे लोह वाढलं तरी चमक वाढते. ‘ऑक्सिडेशन वाढलं’ एवढंच म्हणता येतं.

हिशेब: १०० मिलिग्रॅमची बाटली स्वस्त वाटते, पण पावसाळ्यात निम्मी मोरीत जाते. याच प्रोबचा क्लोरोमिथाइल प्रकार ५० मायक्रोग्रॅमच्या कुप्यांत मिळतो, ८.६५ मायक्रोलिटर डीएमएसओ घातला की १० मिलिमोलर. मिलिग्रॅममागे बराच महाग, पण पेशीतून कमी गळतो आणि कुपी एकदाच उघडायची असते. जून ते सप्टेंबर कुप्या, बाटली दिवाळीनंतर.

आता साडेतीन तारे. प्रोबला चार होते. अर्धा कापला तो बुचाचा. एवढ्या पैशांत आत साधी रबरी चकती नाही, पॅराफिल्म आपणच गुंडाळायची.