पलंगपोस, रेशमाचं रेखाटन की मॉरिसचं चीट? भिंतीसाठी निवडताना

जुन्या कापडांवरच्या फुलापानांचे फ्रेम केलेले प्रिंट निवडायला बसलं की आपण आधी रंग बघतो. पडद्यांना निळा जाईल का, लाल अंगावर येईल का. मी आता रंगाच्याही आधी बघते ते नक्षी कुठे कापली आहे. कापड ताग्यातून उलगडत जातं, त्यावरची वेल कुठे थांबत नाही. फ्रेमला मात्र चार बाजू असतात. काही नक्ष्या त्या चार बाजूंत सुखाने नांदतात, काहींचा जीव गुदमरतो. बाजारात जे दिसतं त्यातले तीन प्रकार या एका कसोटीवर अगदी वेगवेगळे ठरतात.

पलंगपोस

17व्या आणि 18व्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर हाताने रंगवलेलं सुती कापड जहाजं भरभरून युरोपात जात होतं. इंग्रजीतला ‘पालमपोर’ म्हणजे आपला पलंगपोस, आणि ‘चिंट्झ’ म्हणजे छींट, आपलं चीट. या कापडाची तिकडे एवढी ओढ लागली की स्वतःचे विणकर वाचवण्यासाठी फ्रान्सने 1686मध्ये त्यावर बंदीच घातली. ती उठायला 1759 उजाडलं.

पलंगपोस ही पुनरावृत्तीची नक्षी नव्हे. ते एक पूर्ण चित्र असतं. खाली खडकांची टेकडी, तिच्यातून नागमोडी वर गेलेलं झाड, एकाच झाडाला दहा जातींची फुलं आणि चहूबाजूंनी काठ. म्हणजे चौकट कापडातच आहे, फ्रेम करताना काहीच कापावं लागत नाही. अडचण येते ती मापाची. मूळ कापडं बहुतेक दोन मीटरहून लांब असतात. ती 70 सेंटीमीटरच्या प्रिंटमध्ये बसवली की पाकळ्यांच्या आत मेण लावून रंगापासून राखलेल्या केसाएवढ्या पांढऱ्या रेषा दिसेनाशा होतात, आणि या कामाचं कसब तर त्या रेषांतच आहे. उंची मीटरभर तरी मिळत असेल तरच अख्खा पलंगपोस घ्यावा. नाहीतर एकच फांदी, मूळ मापाची, घेतलेली बरी.

आता पानांबद्दल, कारण नेमकं तिथेच बरेच जण अडखळतात. चांगल्या प्रिंटमध्ये पानं निळी दिसतात आणि छपाई चुकली असं वाटतं. छपाई चुकलेली नसते. कारागीर आधी निळीचा निळा चढवत आणि त्यावर पिवळा रंगवून हिरवा साधत. तो पिवळा कच्चा होता, दोन-तीनशे वर्षांत उजेडाने उडून गेला. नीळ पक्की, ती राहिली. तुरटीने बांधलेला लालही राहिला. काही विक्रेते संगणकावर ही पानं परत हिरवी करून देतात. माझं मत स्पष्ट आहे: निळीच घ्या. तो हिरवा कारागिराचा नसतो, कुणीतरी अंदाजाने भरलेला असतो. निळ्या पानांत त्या कापडाचं वय दिसतं.

रेशमाचं रेखाटन

ॲना मारिया गार्थवेट (1688–1763) लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये राहून रेशीम विणणाऱ्यांसाठी नक्ष्या काढत असे. जलरंगात काढलेल्या तिच्या आठशेहून अधिक नक्ष्या लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मोकळ्या पांढऱ्या जागेवर ऐसपैस विखुरलेली फुलं, आणि प्रत्येक फूल ओळखू येईल इतकं खरं. बऱ्याच कागदांवर तिने तारीख घातली आहे, नक्षी कोणत्या विणकराने वा व्यापाऱ्याने घेतली ते लिहिलं आहे. काही नक्ष्यांचं कापडही टिकलं आहे. पीटर लेक्यूने तिच्या नक्षीवरून विणलेल्या रेशमाचा 1747चा वेस्टकोट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

मुळातच कागद असल्याने हे फ्रेममध्ये घरच्यासारखं बसतं. मापही फारसं आटवावं लागत नाही, म्हणून लहान भिंत, लिहिण्याचं टेबल, पलंगाची बाजू, जिथे माणूस जवळून बघणार अशा ठिकाणी याला तोड नाही. पण यात कापड नाही हे मनाशी पक्कं असू द्या. सुताचा पोत, रेशमाची चमक, दोरा उलटल्यावर बदलणारा रंग, यातलं काही मिळणार नाही. घेताना कागदाचा रंग तपासा. जुन्या कागदाची सायीसारखी छटा पुसून पार्श्वभूमी पांढरीशुभ्र केली असेल, पेन्सिलच्या रेघा आणि हाताने लिहिलेल्या ओळी साफ केल्या असतील, तर ते नाकारा.

मॉरिसचं चीट

तिघांत सर्वांत सहज मिळणारं आणि सर्वांत जास्त बिघडवलेलं हेच. 19व्या शतकातला इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस, त्याची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ म्हणजे स्ट्रॉबेरी चोर ही नक्षी 1883ची. इंग्लंडमधल्या केल्म्सकॉट गावच्या त्याच्या बागेत कस्तुराच्या जातीचे पक्षी जाळीखाली शिरून स्ट्रॉबेरी पळवत, त्यातून ती सुचली. कापड आधी संपूर्ण निळीत बुडवायचं, मग ठशाने रंग उडवणारं द्रव्य लावून हवा तिथला निळा काढायचा आणि त्या मोकळ्या जागी लाल, पिवळा भरायचा. म्हणूनच ती गडद निळी जमीन इतकी खोल दिसते. बाकीचा रंग तिच्यावर बसलेला नसतो, तिच्यातून उगवल्यासारखा वाटतो.

पण ही पडद्यांची आणि सोफ्यांची नक्षी. तिला कडा नाहीत, म्हणून ती कुठे कापायची हे कुणाला तरी ठरवावं लागतं, आणि तिथेच घोळ होतो. मी मागवलेल्या पहिल्या प्रिंटमध्ये डावीकडच्या पक्ष्याची चोच स्ट्रॉबेरीसकट माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली, गेली होती. चोरीच्या चित्रातून चोरीच गायब. वीसेक वेळा नक्षी बसवून बारीक केलेला प्रिंटही तितकाच वाईट, लांबून नुसता हिरवट निळा गिचका दिसतो. नक्षीचा एक फेरा पूर्ण, समोरासमोरचे पक्षी अखंड आणि कडेला थोडी पुढची वेल, एवढं दिसलंच पाहिजे. विक्रेत्याला एका फेऱ्याचं माप विचारा. मूळ कापडाच्या मापाजवळ जाणारा प्रिंट सर्वांत छान दिसतो.

दुसरं, ‘मॉरिसचं कापड’ म्हणून विकलं जाणारं सगळं ना कापडाचं असतं, ना मॉरिसचं. ‘पिंपर्नेल’ आणि ‘विलो बाऊ’ हे त्याचे भिंतीचे कागद. ‘गोल्डन लिली’ तर त्याच्याकडे शिकून तयार झालेल्या जॉन हेन्री डर्लची. त्याने त्या नक्ष्या कमी सुंदर ठरत नाहीत, पण कापडाचा पोत शोधत असाल तर तो तिथे सापडणार नाही.

कागद, काच, माउंट

कागद मॅट, सुती लगद्याचा, शाई पिगमेंटची. यावर फार विचार करू नका. कॅनव्हास मात्र टाळा. चित्रात एका कापडाची वीण आहे आणि खाली दुसरीच वीण, दोन्ही एकमेकींशी भांडतात.

काचेत फरक पडतो. मॉरिसच्या गडद निळ्यावर साधी काच आरशासारखी वागते. समोर खिडकी असेल तर दिवसभर खिडकीच बघत बसाल. तिथे कमी परावर्तनाची काच लागते. मोठ्या पलंगपोसाला वजनासाठी ॲक्रिलिक बरं. गार्थवेटला साधी काच चालते. काच कोणतीही असो, प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवीच. नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो.

माउंट फक्त गार्थवेटला द्या, आणि चांगला सात-आठ सेंटीमीटर रुंद. पलंगपोसाचा काठ हाच त्याचा माउंट. मॉरिसची नक्षी फ्रेमच्या कडेपर्यंत जाऊ द्या. वेल चौकटीमागे पुढे चालूच आहे असं वाटलं की तिचा जीव गुदमरत नाही.

स्वतः छापून घ्यायचं असेल तर मेट्रोपॉलिटनने 2017पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची मोठी छायाचित्रं कोणत्याही वापरासाठी खुली केली आहेत, त्यांत पलंगपोसही आहेत. 50 गुणिले 70 सेंटीमीटरच्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके हवे असतील तर साधारण 5900 गुणिले 8300 पिक्सेलची फाइल लागते. 200 ठिपक्यांवरही भिंतीवर चांगलं दिसतं, त्याखाली जाऊ नका. फाइल मोठी करून बघा: सुताचे ताणे-बाणे दिसले तर ती कापडाच्या छायाचित्राची आहे, सपाट एकरंगी ठिगळं दिसली तर कुणीतरी नव्याने गिरवलेली.

एकच मोठी मोकळी भिंत असेल तर मी डोळे झाकून पलंगपोस म्हणेन. जवळून बघण्याच्या जागी गार्थवेटची जोडी. मॉरिस तिथे, जिथे भिंत फिकट आणि उजेड बाजूने येतो, समोरून नाही. माझ्या भिंतीवर शेवटी पलंगपोसच आला, सव्वा मीटर उंच, निळ्या पानांचा. मॉरिसचा नवा प्रिंट जिन्याच्या वळणावर लावला आहे, चोच आणि स्ट्रॉबेरी दोन्ही जागच्या जागी.