दूर राहून आईचं घर आवरताना: एजन्सी, घरचं माणूस की कुलूप?

आई-वडील गेल्यानंतर नागपुरातलं घर परदेशात बसून रिकामं करायची वेळ आली की हातात तीनच पर्याय उरतात. सगळं एखाद्या एजन्सीला ठोक देऊन टाकायचं, घरच्या कुणाला तरी आत पाठवून व्हिडिओ कॉलवर एकेक आलमारी काढायची, किंवा कुलूप लावून आपल्याला जाता येईपर्यंत थांबायचं. मी मेलबर्नला राहतो. आई 2021 च्या उन्हाळ्यात, कोविडमुळे विमानं बंद असताना गेली, तेव्हा मला यातलं एक निवडावं लागलं. आता विमानं सुरू आहेत, तरी ओळखीतून कुणी ना कुणी विचारतंच. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाला रजा नसते, कुणाची स्वतःचीच तब्येत प्रवासाची नसते. म्हणून लिहितो आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती वगैरे तुम्ही मार्गी लावलं आहे असं धरतो.

स्वतः जाणं हा पर्याय मी मोजत नाही, कारण तेव्हा तो नव्हताच. मार्च 2020 पासून 1 नोव्हेंबर 2021 पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या नागरिकाला देशाबाहेर पडायलाही सरकारची खास परवानगी लागत होती. परतल्यावर 14 दिवस हॉटेलात सक्तीचं विलगीकरण आणि मोठ्या माणसामागे 3,000 डॉलरचं बिल. त्यात मे 2021 च्या पहिल्या पंधरवड्यात भारतातून परत येणं हा गुन्हाच ठरवला होता, अगदी नागरिकांसाठीसुद्धा, पाच वर्षांपर्यंत कैदेच्या तरतुदीसह. घरी शाळकरी मुलं असताना हा धोका घेणं मला शक्य नव्हतं.

आधी कुलपाचं बोलतो, कारण सगळ्यांचा पहिला कल तिकडेच असतो. माझाही होता. आई नुकतीच गेलेली असताना तिच्या वस्तूंना हात लावू नये असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. भावंडांमध्ये घराचं काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर आजही मी कुलूपच सुचवीन. पण नागपुरात बंद घर हे थांबलेलं घर नसतं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, मग जूनच्या मध्यापासून पाऊस, आणि पाऊस पडला की भिंतीतून वर चढणारी वाळवी. लाकडी दिवाण, पुस्तकांची मांडणी, दाराच्या चौकटी, सगळं तिच्या वाटेत. कूलरच्या टाकीत पाणी राहिलं असेल तर डासांची पैदास होते आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांना. बंद घर चोराच्याही लगेच लक्षात येतं. बरं, किती दिवस थांबायचं तेही कळत नव्हतं. भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च 2020 मध्ये थांबवली, तिला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली आणि ती सुरू झाली 27 मार्च 2022 ला. म्हणजे सुरुवातीला "दोन-तीन महिन्यांत जाऊच" म्हणून कुलूप लावलेल्यांच्या घरावरून दोन पावसाळे गेले.

आमच्यात घर विकायचं हे बहिणीचं आणि माझं आधीच ठरलं होतं, त्यामुळे कुलूप बाजूला पडलं. खरी तुलना उरली एजन्सी आणि घरचं माणूस यांच्यात.

एजन्सीच्या बाजूने बरंच काही आहे, आणि ते मी मनापासून सांगतो. काम ठरलेल्या दिवसांत संपतं. गोदरेजची लोखंडी आलमारी, फ्रिज, दिवाण, गच्चीवरची जुनी सिंटेक्स टाकी, हे उचलायला चार धडधाकट माणसं आणि गाडी लागतेच, ते नातेवाइकांच्या बळावर होत नाही. कबाडात जे जातं त्याची किंमत ते आपल्या बिलातून वळती करतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुणाच्या उपकाराखाली राहावं लागत नाही. पैसे दिले, हिशेब मिटला. भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट असेल, आई-वडील तिथे थोडीच वर्षं राहिले असतील, कागदपत्रं आधीच हाती आली असतील, तर एजन्सी उत्तम. मी तरी दुसरा विचार करणार नाही.

आमचं घर मात्र मानेवाड्याचं, बाबांनी बांधलेलं. तिथे मला एजन्सीची एक गोष्ट इतकी खटकली की पुढचं सगळं त्यावरच ठरलं.

त्यांचा माणूस घर पाहून गेला आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली, फोटोंसकट. यादी नीटनेटकी होती. पण प्रत्येक फोटोत वस्तू बंद होती. बंद आलमारी. बंद पेटी. झाकण लावलेले डबे एका रांगेत, खाली लिहिलेलं: स्टील डबे, एक पोतं. शिलाई मशीन, खण बंद. मी फोन करून म्हटलं, आलमारी उघडून आतला एक फोटो पाठवता का? उत्तर आलं, "सर, ते पॅकिंगच्या दिवशी पाहून घेऊ." आणि प्रत्येक फोटोखाली दोनच रकाने, ठेवायचं की टाकायचं. शेवटच्या ओळींपैकी एक होती: जुने मेडिकल पेपर व एक्स-रे, रद्दी.

त्यांच्या धंद्याच्या हिशेबाने यात चूक काही नाही. बाहेरून मोजल्याशिवाय गाडी किती मोठी लागेल हे त्यांना कसं कळणार? पण आपल्या आई-वडिलांच्या पिढीचं घर बाहेरून कळत नाही. त्या पिढीत महत्त्वाचं काहीही त्याच्या नावाच्या जागी ठेवलेलं नसतं. पैसे तांदळाच्या कोठीत, एफडीच्या पावत्या आलमारीत अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, किल्ल्या चहाच्या रिकाम्या डब्यात, सोन्याची बारीक वस्तू जुन्या लुगड्याच्या घडीत. जो डबा उघडत नाही, त्याने ते घर आवरलं असं म्हणताच येत नाही.

मग मी मावसबहिणीला विचारलं. ताई नंदनवनला राहते, आईकडे तिचं लहानपणापासून येणं-जाणं. जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर ती कामाला लागली. पहिल्याच कॉलवर मी तिला वरवर म्हणालो, ते औषधांचं कपाट सरळ टाकून दे. ती म्हणाली, "थांब ना रे, उघडून तर पाहू दे. मावशी कुठे काय ठेवायची ते मला माहीत आहे." कपाटात बाबांच्या छातीच्या एक्स-रेचा मोठा खाकी लिफाफा होता, दवाखान्याचं नाव छापलेला. तिने त्याचं तोंड उघडून आत पाहिलं. फिल्मच्या मागे, अजिबात घडी न पडलेलं, नागपूर सुधार प्रन्यासचं आर.एल. लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आणि त्याला टाचलेली, त्यासाठी मागितलेली रक्कम (डिमांड) भरल्याची पावती. घरात तेवढा मोठा, ताठ लिफाफा दुसरा नव्हता, म्हणून बाबांनी कागद मोडू नये यासाठी तो निवडला असणार. गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीच्या, लेआउटमधला प्लॉट विकताना आर.एल. नसलं तर व्यवहार कसा अडतो, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. आणि एजन्सीच्या यादीत हाच लिफाफा रद्दीत होता.

एका लिफाफ्यावरून नियम काढू नये, हे मान्य. तुमचे वडील फाइल लावून ठेवणारे असतील तर हा मुद्दा तुम्हाला लागू होणार नाही. पण माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

भांड्यांचंही तसंच झालं. एजन्सी पितळ-तांबं वजनावर धरते. ताईने गुंड, घंगाळ, कोपर, गंज एकेक उचलून कॅमेऱ्यासमोर फिरवले, कारण त्यांवर नावं कोरलेली होती. कुणाच्या मुंजीत कुणी दिलेलं, कुणाच्या डोहाळजेवणाचं, तारखेसकट. जी भांडी आत्याच्या घरून आली होती ती तिच्या सुनेकडे परत गेली, आजोळची मामाकडे. बिननावाची तेवढी इतवारीत मोडीला दिली. आईच्या पिढीतल्या बाया जे लक्षात ठेवायच्या ते आम्ही कोरलेल्या अक्षरांवरून लावलं, पण ती अक्षरं वाचायला कुणीतरी भांडं उलटं करावं लागतं.

आता घरच्या माणसाची दुसरी बाजू. ती लहान नाही. हे काम महिनोन् महिने चालतं, आणि थकवणारं आहे. ताईला स्वतःचा संसार, त्यात बाहेर साथ. आईची साडी हातात घेतल्यावर ती दहा-दहा मिनिटं काही बोलायची नाही, आणि ते ओझं मी तिच्यावर टाकलं होतं, हे मी विसरत नाही. पैसे देऊ केले तर ती घेणार नव्हती. म्हणून आम्ही दोन गोष्टी आधी ठरवल्या. मदतीला एक बाई आणि जाण्यायेण्याची गाडी, तो खर्च माझा. आणि काहीही वाटण्याआधी तिला जे हवं ते तिने सगळ्यांत आधी घ्यायचं. तिने शिलाई मशीन घेतलं, आणि त्याच्या खणातला बटणांचा डबा. हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, नंतर ते बोलणं अवघड होतं.

आणखी एक अट, जिच्याबद्दल मी ठाम आहे. आत जाणारं माणूस स्वतः वारस असेल तर त्याला एकट्याला पाठवू नका. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका म्हणून नव्हे, तर पुढे एखादी वस्तू सापडली नाही की तोच माणूस कायमचा अडकतो. सगळी भावंडं कॉलवर हवीत. मावसबहीण, आतेभाऊ, आईची जुनी शेजारीण अशी हिस्सा नसलेली व्यक्ती मिळाली तर फार बरं. असं कुणीच नसेल, तर मात्र एजन्सीच घ्या, आणि प्रत्येक डबा-खण कॅमेऱ्यासमोर उघडायची अट करारात लिहून घ्या. जी एजन्सी हे मान्य करते तिला थोडे जास्त पैसे द्यायलाही हरकत नाही.

कॉलचं तंत्र फार नाही. नागपूर आणि मेलबर्नमध्ये इथल्या हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, इथे ऑक्टोबरात घड्याळं पुढे सरकली की साडेपाच. तिथले सकाळचे दहा म्हणजे माझी दुपार, म्हणून रविवार सकाळ. उजेड चांगला आणि ऊन चढायच्या आत काम. एका वेळी एकच आलमारी. कागदांचे फोटो नकोत, फोनवरच्या स्कॅनर अ‍ॅपने पीडीएफ, त्याच दिवशी ईमेलवर.

घरातल्या सामानासाठी मुखत्यारपत्राची गरज आम्हाला पडली नाही. बँक, वीज मीटर, घरटॅक्सचं नामांतर, प्लॉटची कामं यांसाठी पडते. आईने हयातीत कुणाला कुलमुखत्यारपत्र दिलं असेल तर ते तिच्याबरोबरच संपतं, त्यावर पुढे सह्या करू देऊ नका. तुमचं नवं मुखत्यारपत्र विशेष स्वरूपाचं, ठरावीक कामांपुरतंच करा. वकिलातीत साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का) करून ते पाठवता येतं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत पुष्कळांची निसटते. बँकेच्या लॉकरची गोष्ट तर पूर्ण वेगळी. ते बँकेच्या माणसांसमोर, साक्षीदार ठेवून, यादी करूनच उघडतं, तिथे ना एजन्सी चालते ना नुसती ताई.

इकडे काय मागवायचं याचा मोह आवरा. लाकडी देवघर मला फार हवं होतं, पण ऑस्ट्रेलियात लाकूड, बिया, मोरपीस यांवर जैवसुरक्षेची तपासणी कडक असते, आणि भुंगा लागलेलं लाकूड आत येत नाही. देव मागवले, देवघर ताईच्या घरी आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती असेल तर भारतातून बाहेर नेण्यावर 1972 च्या पुरावशेष कायद्याची बंदी आहे, तेव्हा तो विचारच नको. पुस्तकांबाबत वाचनालयाला आधी यादी पाठवून विचारा, सरसकट गठ्ठे कुणी घेत नाही.

आलमाऱ्या रिकाम्या झाल्यावर, दिवाण-फ्रिज-टाकीसाठी, आम्ही शेवटी एजन्सीला बोलावलंच, दुसऱ्या एका. तेवढं काम त्यांनी एका दिवसात चोख केलं, आणि तेवढ्यापुरतं मी त्यांना नक्की सुचवीन. फक्त त्यांना शेवटी बोलवा. त्यांची गाडी गेल्यावर घरच्या माणसाने सगळ्या खोल्यांचा आणि माळ्याचा सलग व्हिडिओ घ्यावा, विजेच्या मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो काढावा, सिलिंडर गॅस एजन्सीत जमा करून डिपॉझिटची पावती घ्यावी, आणि मगच चावी पुढे द्यावी.