हाफ मॅच बोन मॅरो ट्रान्सप्लांट : नऊ महिन्यांनंतर

माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, आता ओ पॉझिटिव्ह आहे. तो माझ्या लेकीचा. तिच्या मूळपेशी माझ्या हाडांत रुजल्या, त्याला या आठवड्यात नऊ महिने झाले.

मला एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला होता. केमोने तो दबला होता, पण पुन्हा उलटू नये म्हणून ट्रान्सप्लांट हवं होतं. त्यासाठी दात्याचा एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचा प्रकार रुग्णाशी जुळावा लागतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. माझा भाऊ अजिबात जुळला नाही. मूळपेशी द्यायला तयार असलेल्या परक्या दात्यांच्या यादीत, म्हणजे रजिस्ट्रीतही कुणी मिळालं नाही. पोटची मुलं मात्र निम्मी जुळतातच. निम्म्या मॅचवर माणूस निम्मंच बरं होणार, असं मी धरून बसलो होतो. तसं नसतं, हे सांगायलाच लिहितोय.

पूर्वी अशा ट्रान्सप्लांटमध्ये दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटायच्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं औषध पेशी चढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्यायची पद्धत बसवली. दात्याच्या चवताळलेल्या टी पेशी (शरीरात परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्यात मरतात, मूळपेशी तगतात. ते औषध सुरू होईपर्यंत मला 103 ताप होता. हाफ मॅचमध्ये असा ताप बऱ्याच जणांना येतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बायकोने ती रात्र रडून काढली नसती.

त्याआधी मूळपेशी हाडांतून रक्तात याव्यात म्हणून लेकीला पाच दिवस इंजेक्शनं, कंबर ठणकायची. मग त्या पेशी काढून घ्यायला चार तास मशीनवर. पेशी चढवल्यापासून सतराव्या दिवशी माझे काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे वर आले.

घरी आल्यावरचे महिने जास्त जड गेले. दर आठवड्याला सीएमव्हीची तपासणी; हा अंगात दबून असलेला विषाणू प्रतिकारशक्ती कमी झाली की डोकं वर काढतो. दोनदा तो वाढला, गोळ्यांनी उतरला. हातांवर जीव्हीएचडीचं, म्हणजे दात्याच्या पेशी माझ्यावर उलटल्याचं पुरळ आलं, त्याला स्टेरॉइड. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी तपासायची असते त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. मी एकदा आधी घेतली आणि सांगलीहून पुण्याची फेरी वाया गेली. पपनस बंद, कच्ची कोथिंबीर बंद. मातीत बुरशी असते म्हणून तुळशीला पाणीही मी घालत नाही. गणपतीची आरती आतल्या खोलीतून ऐकली.

पॅकेज ठरवताना डिस्चार्जनंतरची औषधं त्यात आहेत का, ते विचारून घ्या. आमच्यात नव्हती, आणि तो खर्च मोठा निघाला. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट, देणाऱ्या आठ-दहा जणांची नावंही आधीच लिहून ठेवा. माझ्या पुतण्याच्या मित्रांनी आळीपाळीने प्लेटलेट दिल्या, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आता लहानपणीच्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या आहेत. गोवराची सगळ्यात शेवटी, दोन वर्षं झाल्यावर.